मिलिंदची सुलट वीण

नलिनीने माझ्या कानावरचा हेडफोन स्वतःच्या हाताने काढला, तेव्हाच मला कळलं. सकाळचे अकरा वाजले असतील. मुलुंडच्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती वेळ म्हणजे नुसती धांदल. नाशिक लावा, कोल्हापूर लावा, अर्जंट आहे, किती वेळ लावताय... अशा वेळी कुणी कुणाच्या बोर्डाला हात लावत नाही. नलिनी माझी नोकरीतली जुनी मैत्रीण, शेजारच्याच खुर्चीवर बसणारी. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, हेडफोन काढून घेतला आणि म्हणाली, "शीला, ऊठ. हॉस्पिटलातून फोन होता. आपण जाऊ या." मी विचारलं, "जास्त आहे का गं?" माझी पर्स तिने आधीच आपल्या खांद्याला अडकवली होती. ते पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद त्या सकाळी गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याला आता सात आठवडे होतील. मला लिहायची सवय नाही, दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची सवय. पण भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो, "सुटला बिचारा, आणि तूही सुटलीस." त्यांचा हेतू वाईट नसतो. चहा पिऊन ते जातात, आणि मी कपबशा विसळत मनातल्या मनात त्यांना उत्तर देत बसते. ते उत्तर कपबशांबरोबर रोज वाहून जातं. म्हणून एकदा बसून लिहून काढते आहे.

मिलिंद जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. डॉक्टरांनी आईला सांगितलं, हा चालेल उशिरा, बोलेल कमी, हृदयही कमजोर आहे, तेव्हा विशीपर्यंत... पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, ते मी अकरावीत असतानाच गेले. मग आई, मी आणि मिलिंद. चेहरा गोल, डोळे बारीक, मान आखूड, हसला की सगळं अंग हसायचं. त्याच्या जगात दोन गोष्टींना महत्त्व होतं, एक आई आणि दुसरी बस. आमच्या खिडकीखालीच बसस्टॉप. गजांना धरून तो तासन् तास उभा राहायचा आणि प्रत्येक लाल बस आली की कंडक्टरच्या आवाजात ओरडायचा, "आत चला, आत चला! तिकीट घ्या!" खाली रांगेतली माणसं वर बघून हसायची. काही जण हात करायचे. त्याला आपण कंडक्टर असल्याबद्दल कधी शंका नव्हती.

आई गेली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि मी तिशीची. शेवटच्या दिवसांत तिने मला काही मोठं सांगितलं नाही. म्हणाली, "रविवारी त्याची नखं काप गं. नाही तर ओरखडतो." एवढंच. आमचा मामा साताऱ्याहून आला होता. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. "शीला, तुझं वय काय झालं बघ. तिकडे सातारा रोडला अशा पोरांचा आश्रम आहे. ठेवू त्याला. तू तरी माणसासारखी जग." मी म्हटलं, बघू. मामाला मी 'नाही' म्हणाले नाही, हे खरं आहे. मिलिंद तेव्हा दारामागे उभा होता, आईच्या चपला हातात घेऊन.

ड्यूटी सकाळी साडेसातची. पहिले पंधरा दिवस मी दार नुसतं लोटून जायची. शेजारच्या परबकाकू, मालवणकडच्या, आवाजाने खणखणीत आणि मनाने त्याहून मोकळ्या, त्या म्हणाल्या होत्या, "तू जा गो कामाक. मी आसंय मां हंय." पण त्यांची पाठ वळली आणि मिलिंद एके दिवशी खाली उतरून बसमध्ये चढला. संध्याकाळी तो सापडला ट्रॉम्बेच्या डेपोत. एका भल्या कंडक्टरने त्याला आपल्या शेजारी बसवून दिवसभर फिरवलं होतं आणि वडापाव खायला घातला होता. मिलिंद माझ्याकडे बघून इतका खूश होता, की त्याला रागावायलाही जमेना. दुसऱ्या दिवसापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. एक किल्ली काकूंकडे. त्या बाराला उघडायच्या, त्याला जेवायला घालायच्या, तासभर बोलत बसायच्या, पुन्हा कुलूप. चार वाजता मी. हे लिहिताना हात थबकतो, पण तसंच होतं. मी माझ्या भावाला कोंडून नोकरीला जात होते.

त्या कुलपानंतर त्याने ओरडणं बंद केलं. बस यायची, जायची, तो बघायचासुद्धा नाही. खिडकीशेजारच्या भिंतीचा गिलावा तो नखांनी खरवडायला लागला. आधी हाताएवढा, मग परातीएवढा, मग आतली वीट दिसायला लागली. बोटांतून रक्त यायचं. मी त्याला नाना उद्योग देऊन पाहिले. तांदूळ-डाळ वेगळी कर म्हटलं, तर वेगळी करून पुन्हा एकत्र करायचा. मणी ओव म्हटलं, तर मणी गिळेल की काय ही भीती. मामाचं पत्र आलं होतं, आश्रमात जागा आहे, लवकर कळव. त्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

आमच्याकडे बोर्डावर बसणाऱ्या बायका फोन कमी असले की विणकाम करायच्या. मुंबईत स्वेटर घालतं कोण, पण कुणी ना कुणी बाळंत होत असायचंच, मग टोपडी आणि मोजे. मीही विणायची. एका रविवारी माझ्या हातातल्या सुया मिलिंदने मागितल्या. हातानेच मागितल्या, बोलला नाही. त्याने सुया टोचून घेतल्या नाहीत, लोकर ओढली नाही, नुसता धरून बसला. तासभर भिंतीकडे गेला नाही. मी ठरवलं, याला शिकवायचंच.

ज्यांनी कधी सुया धरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्वेटरची साधी वीण एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट, एक सुई उलट अशी जाते. म्हणून तिला एक गुळगुळीत बाजू असते आणि एक खडबडीत. नवशिक्याला तेच जड जातं. सुई संपली, काम फिरवलं, की आता सुलट की उलट हे ध्यानात ठेवावं लागतं. मिलिंदला ते जमणं शक्यच नव्हतं. दोन महिने मी डोकं फोडलं, मग नलिनीपाशी रडले. ती म्हणाली, "उलट सोडूनच दे ना यार! नुसती सुलट शिकव. प्रत्येक सुई सुलटच. दोन्हीकडून सारखी नक्षी येते, कडाही वळत नाहीत. त्याला लक्षात काय ठेवायचंय मग?" मला इतकी वर्षं विणकाम येत होतं आणि ही सर्वांत सोपी वीण मला सुचली नव्हती. बाळाच्या टोपड्याला कोण वापरतं ती? आम्ही सगळ्या जाळीच्या नि वेलबुट्टीच्या मागे.

मी बाटलीहिरव्या लोकरीचे वीस टाके घालून दिले. त्याच्या मागे बसून त्याचे हात माझ्या हातात धरले आणि रोज सांगितलं, सुई आत घाल, लोकर वरून घे, सुई बाहेर काढ, टाका सोड. चार गोष्टी. तो तीन करायचा आणि चौथी विसरायचा, नाही तर चौथी आधीच करून टाकायचा. टाके गळायचे, मी उचलायची, पुन्हा गळायचे. कधी मी ओरडायची, मग तो कान झाकून घ्यायचा. एक पावसाळा गेला, थंडी गेली. आणि एके दिवशी चारला कुलूप काढलं तर आतून आवाज येत होता. कित्येक महिन्यांनी ऐकलेला तो आवाज! "आत चला." थोडं थांबून, "तिकीट घ्या." मग, "उतरा उतरा." आणि मग जीभ टाळूला लावून, "टिंगटिंग." मी दारातच उभी राहिले. तो खिडकीत नव्हता, कॉटवर पाय सोडून बसला होता. सुई टाक्यात शिरली की आत चला. लोकर वरून घेतली की तिकीट. सुई बाहेर आली की उतरा. टाका सुटला की घंटी. मी जे वर्षभर शिकवत होते ते त्याने स्वतःच स्वतःला, स्वतःच्या भाषेत शिकवलं होतं. वीस प्रवासी चढले आणि वीसही उतरले. एक सुई पुरी झाली. त्याने ती माझ्यापुढे धरली, उलटून पुन्हा धरली आणि दोन्हीकडे बोट लावून म्हणाला, "ताई, इकडे. इकडे पण." परबकाकूंना हाक मारली, तर त्या पिठाच्या हातानेच धावत आल्या आणि वसाहतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय झ्याक केलंस रे झिला!" त्या संध्याकाळी मी मामाला तिसरं पत्र लिहिलं. ते मात्र पेटीत टाकलं. 'मिलिंद इथेच राहील.'

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. यापुढची नलिनी आणि काकू सोडून कुणाला माहीत नाही.

तो दिवसभर विणायला लागला. भिंत सुटली, बोटं बरी झाली. पण लोकर महाग होती आणि त्याच्या वेगाला पुरणार कुठून? म्हणून मी एक युक्ती काढली. दर रविवारी संध्याकाळी परबांकडे टीव्हीवर सिनेमा लागायचा. मिलिंद तिकडे जाऊन बसला की मी त्याचं आठवड्याचं विणलेलं उसवायची. लोकर पाण्यात बुचकळून, वळ्या जाव्यात म्हणून वजन बांधून वाळवायची, गुंडा करायची, आणि सोमवारी सकाळी पुन्हा वीस टाके घालून म्हणायची, "हे बघ, नवीन लोकर आली." तो गुंडा हातात घेऊन म्हणायचा, "हिरवी." मी म्हणायची, "हो, हिरवी." झालं. त्याला काय कळतंय, असं मला वाटायचं. बाहेरचं कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. आणि घरात मी स्वतः तेच धरून चालले होते. जवळपास वर्षभर मी माझ्या भावाचं काम दर आठवड्याला नाहीसं करत होते आणि त्याच्याकडे बघून हसत होते.

मग लोकर कमी व्हायला लागली. गुंडा दर सोमवारी आधीपेक्षा लहान. काही दिवशी मी चारला येऊन बघावं तर सुया रिकाम्या, आणि हा गुडघ्यांत मान घालून बसलेला. "आज काय केलंस?" "नाय केलं." "लोकर कुठे गेली मग?" मी खिडकीतून खाली बघितलं, स्टॉपवरच्या भेळवाल्याला विचारलं, वरून हिरवी लोकर पडते का? तो म्हणाला, नाय बा. एक दिवस मी फार दमून आले होते. डबल ड्यूटी झाली होती. "खिडकीतून टाकतोस ना? खरं बोल!" म्हणून मी त्याला मारलं. गालावर. आयुष्यात एकदाच. त्याने गालाला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू माझंच काही दुखलंय आणि कुठे ते त्याला समजत नाहीये.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी काकू मला घर आवरायला मदत करायला आल्या. गाद्या गॅलरीत टाकल्या, उशा झटकायला घेतल्या. मिलिंदची उशी उचलून त्या म्हणाल्या, "गो शीला, ही उशी जड कित्याक लागता?" अभ्र्याची गाठ सोडली. आतून हिरवे तुकडे पडायला लागले. अकरा तुकडे. कुठला वीतभर, कुठला बोटभर. सगळे सुईवरून ओढून काढलेले. आणि वरच्या कडेचे जे मोकळे टाके, ते सुटून जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांतून दोरा ओवून गाठी मारलेल्या होत्या. हे दोरे आईच्या जुन्या लुगड्याच्या दशांचे होते, मी ओळखले. टाके बंद कसे करायचे, हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. जे रविवारी उसवायचंच आहे ते बंद कशाला करायचं?

मी तुकडे गोळा करायला खाली बसले. आणि मिलिंद दारात उभा होता. त्याने आधी तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "ताई, उसवू नको ना." मला रडू कोसळलं. तोंडावर पदर धरून मी हमसाहमशी रडत होते, 'नाही रे, नाही रे' एवढंच येत होतं तोंडातून. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. माझं रडणं त्याला बघवत नसे. त्याने ते अकरा तुकडे एकेक करून चाचपले, त्यातला सगळ्यांत लहान निवडला, माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाला, "ही उसव. एकच."

त्याला वाटलं, मला उसवायला मिळत नाही म्हणून मी रडते आहे.

काकू उठून गॅलरीत गेल्या. पदराने डोळे पुसत गाद्यांवर काठी मारत राहिल्या, किती तरी वेळ.

त्यानंतर मी त्याचा एक टाकाही उसवला नाही. कुलूपही काढलं. काकूंनीच सुचवलं, "तेका माझ्या दारात बसवूंया, येणाऱ्या-जाणाऱ्याक बघीत." सकाळी मी निघताना त्याला काकूंच्या दारात स्टुलावर बसवायची, हातात सुया द्यायची. जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागला. आणि मी त्याला टाके बंद करायला शिकवलं. त्याला पुन्हा सात-आठ महिने लागले. दोन टाके विणायचे, आणि पहिला दुसऱ्यावरून ओढून सोडून द्यायचा. हेही त्याने बसमध्येच बसवलं. "मागचा उतरा, पुढचा थांबा." शेवटचा टाका ओढून लोकर कापली की तो ते काम दोन्ही हातांत धरून दोन्ही टोकांनी खेचून बघायचा. सुटत नाही ना? नाही सुटत. मग म्हणायचा, "झालं."

चार वर्षं अशी गेली. आमच्या आयुष्यातली तीच खरी. लोकर मी आणायची, नलिनी आणायची, एक्स्चेंजमधल्या बायका उरलेले गुंडे आणून द्यायच्या, त्यामुळे हिरव्यात लाल यायला लागला, लालात पिवळा. रंग त्याला सगळे चालायचे. तो पट्टे करायचा आणि वाटून टाकायचा. परबकाकांना मिळाला, इस्त्रीवाल्याला मिळाला. आमच्या डॉक्टरांना भर मे महिन्यात मफलर मिळाला आणि मिलिंद समोर असेपर्यंत त्यांनी तो घामाघूम होऊन गळ्यात ठेवला. ट्रॉम्बेच्या त्या कंडक्टरला द्यायचा म्हणून आम्ही दोघं एका रविवारी मुद्दाम बसने डेपोपर्यंत गेलो. तो माणूस भेटला नाही, बदली झाली होती. मिलिंदने तो पट्टा तिथल्या दुसऱ्याच कंडक्टरच्या हातात दिला. तोही घेऊन हसला. खाकी कपडे असले की मिलिंदच्या लेखी तो आपलाच माणूस. मामा एकदा येऊन राहिला. जाताना त्याच्या खांद्यावर पिवळा पट्टा होता आणि तो आश्रमाचं काही बोलला नाही.

गेल्या वर्षीपासून त्याला दम लागायला लागला. पायांवर सूज, ओठ निळसर. डॉक्टर म्हणाले, "शीलाताई, हृदय थकलंय त्याचं. जेवढं चाललं ते आपण जास्तच समजायचं." स्टुलावर बसणं बंद झालं. वीस टाक्यांची सुई पुरी करताना त्याला मधे तीनदा थांबावं लागायचं, मग तो रागवायचा, स्वतःवर. म्हणून मी न बोलता सोळाच टाके घालून द्यायला लागले. मग बारा. मग आठ. त्याने कधी विचारलं नाही. पण एकदा आठ टाके बोटाने मोजल्यासारखे करून माझ्याकडे बघितलं होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा सिस्टरने सुया आत न्यायला आधी नकार दिला. मग त्याच्याशी पाच मिनिटं बोलली आणि म्हणाली, "राहू द्या, काय होतं." सहा टाके घातले होते. हिरवेच, त्याने तोच रंग मागितला. आठ दिवसांत बोटभर झालं असेल. आता तो शब्द मोठ्याने म्हणत नसे, नुसते ओठ हलायचे. शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे ती शेवटची हे मला माहीत नव्हतं, त्याची सूज उतरली होती, चेहरा तरतरीत होता. मी मोसंबं सोलून भरवलं. भेटायची वेळ सहापर्यंत. सहाला थोडा अवकाश असताना तो म्हणाला, "ताई, बंद कर." मी उठून पंखा बंद केला. तो म्हणाला, "बंद कर ना." मला वाटलं, वारा लागतोय, म्हणून खिडकी लावून घेतली. त्याने मान हलवली. हात उचलायला त्याला खूप वेळ लागला, मग चादरीवरून त्याने सुई माझ्याकडे सरकवली. सहा टाके. टाके बंद कर म्हणत होता तो. स्वतःचे टाके तो कुणाला बंद करू देत नसे, मलासुद्धा नाही, आणि त्या दिवशी मला सांगत होता. तेवढ्यात वॉर्डबॉय घंटा वाजवत आला, "चला, चला, टाइम झाला!" मी घाईत पिशवी उचलली, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हटलं, "उद्या करू हं. दोघं मिळून करू." तो म्हणाला, "उद्या." सहा टाक्यांना दोन मिनिटं लागतात. वॉर्डबॉयने दोन मिनिटं दिली असती. मी मागितली नाहीत.

सकाळी डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, रात्र शांत गेली, बरा आहे. म्हणून मी ड्यूटीवर गेले. आणि अकरा वाजता नलिनीने हेडफोन काढला.

आम्ही पोचलो तेव्हा कॉटभोवती पडदा लावला होता. सिस्टरने एका कागदात गुंडाळून त्याचं सामान दिलं. कंगवा, मोसंबी, एक पेला आणि लोकरीसकट दोन्ही सुया. सहाही टाके सुईवर होते, त्याने एकही गळू दिला नव्हता. मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले. क्लार्क फॉर्म घेऊन आला, "बाई, इथे सही करा." मी म्हटलं, "थांबा जरा. सहाच आहेत." त्याला काही कळलं नाही. नलिनीने त्याला खुणेने थांबवलं. मी दोन टाके विणले, पहिला दुसऱ्यावरून ओढला. मग पुढचा. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, पण त्या विणीला बघावं लागत नाही, बोटांना कळतं. शेवटचा टाका ओढला, नलिनीने दाताने लोकर तोडली. दोन्ही टोकांनी खेचून पाहिलं. मग सही केली आणि पडद्याच्या आत गेले.

'सुटलीस' म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं होतं.

आता मी कामावर जाते. काकू सकाळी डबा देतात, मला स्वयंपाक करावासा वाटत नाही हे त्यांना माहीत आहे. तो बोटभर पट्टा मी पर्समध्ये ठेवते, आणि बोर्डावर बसले की मांडीवर घेते. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक नवी मुलगी लागली, ट्रेनिंगला. माझ्या शेजारी बसून ती प्लग लावायला शिकते आहे. मधे फोन थांबले तेव्हा तिची नजर तिकडे गेली. "ताई, बघू? मला शिकायचंय विणकाम." तिने पट्टा हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला, दिव्याजवळ नेला. "यातली वरची बाजू कुठली?" "दोन्ही सारख्याच," मी म्हटलं. "अय्या, खरंच की! किती छान... कोण करतं हे?"

"माझा भाऊ करतो," मी म्हटलं.

ती "छान करतो हां" म्हणाली आणि पट्टा परत माझ्या मांडीवर ठेवला. बोर्डावर पुण्याचा दिवा लागला. मी फोन घेतला. वाक्य दुरुस्त केलं नाही.